नोंद घेऊन मंजूर

दिशा साबळे हिनं गेल्या दीड वर्षात दोनशे तेरा गावं वसवली होती. त्यांतल्या एकाही गावात शाळा नव्हती, दवाखाना नव्हता आणि कुणाला 'नाही' म्हणायची सोय नव्हती.

ही गावं बारामतीच्या एमआयडीसीत तयार होत. खाली पेंडीचं गोदाम, वर कंपनी. परदेशातली एक बडी मंडळी 'एम्बर क्राउन' नावाचा कॉम्प्युटर गेम काढायची, त्याचा चौथा भाग सुरू होता. राजे, राण्या, ड्रॅगन असला भारी माल तिकडंच बनायचा. राजधानीच्या वाटेवरची किरकोळ गावं तेवढी बारामतीला यायची. लग्नात आचारी बाहेरचा आणि कांदे चिरायला भावकी, तसा हिशेब.

खेळ भूमिकेचा. म्हणजे खेळणाऱ्यानं एक माणूस व्हायचं, त्या जगात हिंडायचं, लोकांशी बोलायचं, आणि आपण काय बोलतो त्यावर पुढचं सगळं ठरायचं. निदान पूर्वी ठरायचं. आता प्रत्येक गावात डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह असलेला एक माणूस उभा असे आणि त्याला दहा लांडग्यांची कातडी हवी असत. कशाला, ते कुणी विचारत नसे. दोनशे तेरा गावांची मिळून दोन हजार एकशे तीस कातडी झाली होती, आणि त्या राज्यात थंडीच पडत नव्हती. कातडी मागितल्यावर खेळणाऱ्याला तीन उत्तरं मिळत: 'होय', 'होय, पण मी घाईत आहे' आणि 'होय, मित्रा!' ती तिन्ही दिशाच लिहायची. पहिल्या महिन्यात तिला त्यांची लाज वाटली. नंतर वेग आला.

लांडगे शोधायचीही कटकट नव्हती. जमिनीवर सोनेरी रेघ उमटायची. रेघ सोडून गेलं, तर घोडा आपणहून रेघेवर परत यायचा. शिडीपाशी आल्यावर नायक मोठ्यानं म्हणायचा, "अरे, इथं शिडी दिसतेय." खेळणाऱ्याला करण्यासारखं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे घोड्यासाठी अकरा खोगिरांतलं एक विकत घेणं.

दोनशे चौदाव्या गावात दिशानं चोरून एक म्हातारा बसवला.

त्याचं नाव रामो. गावातली एकुलती एक विहीर बुजवून सरदाराच्या वाड्यामागं नवी खणायची, असा ठराव पंचांपुढं यायचा आणि सगळं गाव हात वर करायचं. ते हात खाली गेले की रामो एकटा हात वर करून उठायचा आणि म्हणायचा, "नाही." खेळणारा त्याच्या बाजूनं उभा राहिला तर विहीर जागेवर राही. नाही राहिला तर काहीच होत नसे. तीन तासांनी खेळणारा फिरत फिरत पलीकडच्या वस्तीवर गेला, की दारं उघडी, चुली थंड आणि माणूस एकही नाही. कुणी काही सांगायला येत नसे. ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

रामो म्हणजे दिशाचे आजोबा, रामभाऊ. सांगवीत सगळे त्यांना आबा म्हणत. हे गाव गेममध्ये पास झालं की आबांना मोठ्या पडद्यावर दाखवायचं, असं तिनं कबूल केलं होतं. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन आता कुठं त्यांना नीट दिसायला लागलं होतं, आणि रोज संध्याकाळी ते एकच विचारायचे, "आपल्या हिरीचं काय झालं गं?"

आबांना गेमातलं कळत होतं, याला इंदापूर कारण. आबा एसटीत कंडक्टर होते, इंदापूर डेपोला. दिशाचे वडील लवकर गेले आणि आईला नर्सची नोकरी लागली ती सोलापूरला, म्हणून दिशा शाळेला आबांजवळ राहिली. शाळा सुटली की आबांची ड्यूटी संपेपर्यंत तिनं स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसायचं, हा नियम. मालकाकडं दोनच गेम होते. एक गाड्यांचा, त्यावर पोरांची रांग. दुसरा 'ग्रेमार्श', त्याला कुणी हात लावत नसे, कारण त्यात वाचावं लागे.

त्या गेमात रेघ नव्हती, की उद्गारचिन्ह नव्हतं. "नदी डाव्या हाताला ठेवून चाल, जळकं झाड दिसलं की गप्प बस," असलं काहीतरी एक नावाडी सांगायचा आणि ते वहीत लिहून घ्यावं लागायचं. दिशा पहिले चार दिवस नदीत बुडत होती. पाचव्या दिवशी ती एका सुईणीशी खोटं बोलली, म्हणजे चोरलेलं औषध आपण चोरलंच नाही म्हणाली. सुईण "बरं" म्हणाली. पुढचे दोन आठवडे त्या मुलखात दिशाला कुणी रात्रीचा आसरा दिला नाही.

शनिवारी दोघं सांगवीला यायची, ती आबांच्याच गाडीनं. दिशा कंडक्टरच्या सीटवर बसून आठवड्याची हकिकत सांगायची. आबा तिकिटं फाडता फाडता ऐकायचे. हे खेळातलं आहे की इंदापुरातलं, हे त्यांना बरेच दिवस कळलं नव्हतं. कळल्यावरही त्यांनी फरक केला नाही.

"मग खोटं कशाला बोललीस?" सुईणीचं ऐकल्यावर ते म्हणाले होते.

"गेम हाय आबा."

"आसंल. बाई हाय का न्हाय त्यात? जा, माफी माग."

तिनं माफी मागितली. सुईणीनं माफ केलं नाही. आबा खूश झाले. "बाई बराबर हाय," म्हणाले.

शेवटी राजा बोलावून घेतो आणि म्हणतो, माझा सेनापती हो. दिशानं आबांना विचारलं, काय म्हणू? आबांनी लोणी देवकरचा उतारू उतरवून घेतला, घंटी मारली आणि सांगितलं, "न्हाय म्हण." दिशा म्हणाली, मग गेम संपेल. पण गेम संपला नाही. राज्य मोडलं, वाटा ओस पडल्या, आणि ती त्या रिकाम्या मुलखात हिंडत राहिली. पुढं काहीच नव्हतं, तरी गेमानं तिला हिंडू दिलं. एका पोरीनं नाही म्हटलं म्हणून अख्खं राज्य मोडलं होतं. तेव्हाच तिनं ठरवलं, आपण मोठेपणी हेच करायचं. राज्य मोडायचं नव्हे, गेम लिहायचे. तिला वाटलं होतं की दोन्ही एकच आहे.

आबांनाही 'नाही' नवीन नव्हतं. एक्याण्णव साली गावच्या दूध संस्थेनं डेअरी वस्तीजवळून हलवून कॅनॉलच्या पलीकडं, चेअरमनच्या वाड्यापुढं नेली. वस्तीतल्या बायकांना डोक्यावर किटली घेऊन मैलभर चालणं आलं. मागच्या वार्षिक सभेत तसं ठरल्याचं इतिवृत्तात लिहिलं होतं. आबा त्या सभेला हजर होते आणि असलं काही ठरलंच नव्हतं. म्हणून पुढच्या सभेत 'विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' असं सचिवांनी म्हणताच आबा उठले आणि म्हणाले, "नामंजूर." सभा "मंजूर, मंजूर!" ओरडली आणि जिलेबीकडं गेली.

तेव्हापासून दरवर्षी आबा विषय एकला उठत. "पाया खोटा, तर वरचे मजले कसे मंजूर करू?" एवढंच त्यांचं म्हणणं. सुरुवातीला लोक चिडले. मग कंटाळले. मग हसायला लागले. पुढं पुढं तर दुसऱ्या वस्तीचे लोक पोरंबाळं घेऊन सभेला येत. आबांचं 'नामंजूर' ऐकून झालं की पोरांना घरी धाडत.

दोनशे चौदावं गाव तपासून आलं, त्या गुरुवारी ऋषिराजनं दिशाला केबिनमध्ये बोलावलं. ऋषिराज टीमचा प्रमुख, बारामतीचाच. 'ग्रेमार्श' तीनदा संपवलाय असं सांगायचा आणि ते खरं होतं. म्हणूनच त्याच्यावर रागावता येत नसे.

"दिशा, हे दोनशे चौदा काय आहे?"

"गाव आहे, सर."

"ते दिसतंय. त्यात एक म्हातारा आहे."

"गावात असतात म्हातारे."

"याच्या डोक्यावर चिन्ह नाही."

"आपल्याकडं तरी कुठं असतं?"

ऋषिराजनं कागद पुढं सरकवला. वीस जणांना खेळायला बसवलं होतं. चौदा जणांना रामो दिसलाच नाही, ते रेघेवरून सरळ लांडग्यांकडं गेले. पाच जणांनी गावाबरोबर हात वर केला, आणि तीन तासांनी पाचही जणांनी एकच तक्रार लिहिली: वस्ती लोड होत नाही, माणसं दिसत नाहीत, दुरुस्त करा.

"ती माणसं गेलीत," दिशा म्हणाली.

"कुठं?"

"पाणी नाही म्हणून गेलीत. ह्यांच्यामुळंच गेलीत."

"मला समजलं गं. मला हे वाचून काटा आला, खोटं सांगत नाही. पण त्यांना वाटलं, गेम बिघडलाय."

"आणि विसावा माणूस?"

"तो एकटा म्हाताऱ्याच्या बाजूनं उभा राहिला. त्याची तक्रार अशी, की बक्षीस मिळालं नाही."

"विहीर राहिली की!"

"विहीर त्याच्याकडं आधीपासूनच होती, दिशा." ऋषिराज खिडकीबाहेर बघायला लागला. खाली टेम्पोत पेंडीची पोती चढत होती. "तिकडच्या लोकांना म्हातारा आवडलाय. तो हात वर करतो, ते फार आवडलंय. फक्त कुणाचं नुकसान व्हायला नको. असं कर, 'नाही' ठेव. परिणाम काढ."

"म्हणजे?"

"म्हणजे म्हातारा नाही म्हणू दे. खेळणारा नाही म्हणू दे. सरपंच म्हणेल, आपल्या म्हणण्याची नोंद घेतली. विहीर हलू दे, वस्ती भरलेली राहू दे. सगळे खूश."

"मग नाही कशाला म्हणायचं?"

"बरं वाटायला," ऋषिराज म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. "सोमवारपर्यंत दे. तू नाही केलंस, तर ते मशीनकडून लिहून घेतील. मशीन बरं लिहितं आता. आणि ते कधी नाही म्हणत नाही."

रविवारी संस्थेची सभा होती. दिशा आबांना स्कूटीवर मागं बसवून घेऊन गेली. आबांनी धोतर, पांढरा सदरा आणि ऑपरेशननंतरचा काळा चष्मा घातला होता. गेल्या वर्षी सभेच्या दिवशीच त्यांच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, बारामतीला, त्यामुळं सभा चुकली होती. चौतीस वर्षांत तेवढी एकच. त्याची त्यांना फार हुरहूर.

मंडपाच्या दारात सचिव तात्याबा अहवालाचं पुस्तक आणि स्टीलचा डबा वाटत होते. दिशाला बघून त्यांचा चेहरा खुलला. "दिशाताई, देवासारखी आलीस. कॉम्प्युटरात पेन ड्राइव्ह उघडंना झालाय. जरा बघती का?"

आबांना पुढच्या रांगेत बसवून दिशा ऑफिसात गेली. पेन ड्राइव्ह दोन मिनिटांत उघडला. आत एकच फाइल होती, 'इतिवृत्त'. तारीख आजची. वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होती.

तिनं वाचलं. 'विषय क्र. १. सभासद श्री. रामभाऊ साबळे यांनी नामंजूर असे म्हटले. (हशा) त्यांच्या म्हणण्याची नोंद घेऊन विषय एकमताने मंजूर.'

"तात्याबा, सभा झाली नाही अजून."

"मग? झाल्यावर कोण लिवत बसनार? सालं बदलायची तेवढी. जेवणाला जायचं असतंय."

"आबांनी काय म्हटलं, हेसुद्धा लिहिलंय."

"म्हणत्यातच की. दरसाल म्हणत्यात." तात्याबा कौतुकानं हसले. "अगं, रामभाऊ म्हंजी आपल्या सभेची शान. गेल्या साली दवाखान्यात होते, तरी मी नोंद घेतली. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा खाडा नगं."

तात्याबा एकेका ओळीत जाऊन जुनं साल खोडत होते, पंधरा ठिकाणी होतं. हात मोकळे असले की दिशाला राहवत नसे. तिनं 'सगळीकडं बदला' हे बटण दाखवलं. एकदा शब्द टाकला, की अख्ख्या फाइलीत बदलतो. तात्याबांनी ते दोनदा करून बघितलं. त्यांना ते फार आवडलं.

ती बाहेर आली. आबांनी विचारलं, "काय होतं गं आत?"

"काय न्हाय आबा. पेन ड्राइव्ह."

पण आबांना आता दिसत होतं, आणि ही गोष्ट ती विसरली होती. कित्येक वर्षांनी त्यांच्या हातात अहवालाचं पुस्तक होतं आणि ते त्यांना वाचता येत होतं. पान चारवर गेल्या सभेचं इतिवृत्त छापलं होतं. आबांनी चष्मा वर केला, बोट ओळीवर ठेवलं आणि एक एक शब्द वाचला. मग पुन्हा वाचला.

चेअरमन विजयसिंह माइकवर आले. जुन्या चेअरमनचा मुलगा, चाळिशीचा, वागायला गोड. तात्याबा म्हणाले, "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून कायम करणे." आणि सगळा मंडप हसऱ्या तोंडानं आबांकडं वळला.

आबा उठले. "नामंजूर," म्हणाले.

हशा झाला. मागं कुणीतरी शिट्टी मारली.

"ऐका की. ह्यात लिवलंय, मी गेल्या साली हितं आलो आन् नामंजूर म्हटलं. मी आलोच न्हवतो. मी दवाखान्यात..."

"वा, आबा!" कुणीतरी ओरडलं. "यंदा नवीन हाय!"

"आरं, डोळ्याला पट्टी हुती माझ्या! हे खोटं हाय. माझं नाव घालून खोटं लिवलंय!"

मंडप पोट धरून हसत होता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा आबांकडं पुरावा होता, छापील, पान नंबरासह. आणि ऐकणाऱ्यांना तो शब्द इतका पाठ होता, की त्याच्या पुढचं कुणाला ऐकूच येत नव्हतं. विजयसिंह डोळे पुसत म्हणाले, "आबांच्या म्हणण्याची नोंद घ्या." तात्याबांनी लांबूनच मान हलवली, घेतलेलीच आहे. "मंजूर! मंजूर!" दिशाला वाटलं, आपण उठावं. ती उठेपर्यंत विषय क्रमांक सहा सुरू झाला होता.

जिलेबी आबांनी खाल्ली नाही. परत येताना कॅनॉलच्या पुलावर ते मागून म्हणाले, "तुला आत म्हाईत झालं हुतं."

"व्हय."

"मग खोटं कशाला बोललीस?"

स्कूटीचा आवाज मोठा आहे, असं तिनं दाखवलं.

संध्याकाळी आबांनी स्वतःच लॅपटॉपकडं बोट केलं. "हीर दाव."

तिनं दोनशे चौदावं गाव उघडलं. अजून जुनंच होतं, सोमवार उजाडायचा होता. आबांना कळा दाबायला जमेना, म्हणून दिशानं त्यांचं बोट धरून नायकाला चालवलं. पंच बसले. गावानं हात वर केले. रामो उठला. आबा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

"ह्यो मी का?"

"व्हय."

"सदरा चांगला दिलायस." मग त्यांनी बोट तिच्या हातातून सोडवून घेतलं आणि 'नाही'वर स्वतः दाबलं. पंच गप्प झाले. कुणी हसलं नाही. सरदार उठून निघून गेला. पलीकडच्या वस्तीवरची एक बाई हंडा घेऊन आली आणि विहिरीत दोर सोडला. बास, एवढंच होतं त्यात.

आबांनी चष्मा काढला. "हितं ऐकत्यात," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "हे आता आसंच ऱ्हानार ना?"

"व्हय आबा. आसंच."

सोमवारी सकाळी तिनं परिणाम काढला. काम चार मिनिटांचं होतं. बाकीचा दिवस तिनं दोनशे पंधराव्या गावाच्या लांडग्यांत घालवला.

गेम फेब्रुवारीत आला. जाहिरातीत सुरुवातीलाच रामो उठून हात वर करायचा आणि खाली अक्षरं यायची, 'तुमचा निर्णय, तुमचं राज्य.' लोकांना तो इतका आवडला, की कंपनीनं त्याचा वर केलेला हात वेगळा विकायला काढला. विकत घेतला की आपला नायक कुठंही हात वर करू शके, लढाईत, बाजारात, घोड्यावर. त्यानं काहीच व्हायचं नाही. खोगिरापेक्षा जास्त खपला.

मार्चच्या अकरा तारखेला सकाळी म्हशींना पाणी दाखवून आबा ओट्यावर टेकले, ते उठले नाहीत. गेम बदलल्याचं त्यांना कळलं नव्हतं. दिशाला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं नंतर फार वाईट वाटत राहिलं. सांगून टाकलं असतं, तर ते म्हणाले असते, मग खोटं कशाला बोललीस. ते एक वाक्य ऐकायला ती आता काहीही द्यायला तयार होती. पण ते कुठं विकत मिळत नव्हतं.

सप्टेंबरात संस्थेचं पत्र आलं. आबांच्या जागी वारस म्हणून दिशाला सभासद करून घेतलं होतं. ती सभेच्या दिवशी तासभर आधीच ऑफिसात गेली.

"तात्याबा, फाइल दाखवा."

तात्याबांनी दाखवली. पहिल्यांदा श्रद्धांजली होती, आबांची. तिच्या खाली विषय क्रमांक एक, त्यात श्री. रामभाऊ साबळे नामंजूर म्हणत होते. (हशा)

"ते गेलेत, तात्याबा. वर तुम्हीच लिहिलंय."

तात्याबांनी जीभ चावली. "अरारारा! ऱ्हाऊनच गेलं बघ. थांब, आत्ता करतो." मग त्यांचा चेहरा मऊ झाला. "रामभाऊंची जागा मोकळी न्हाय ठेवायची. तुझंच नाव घालतो. तूच उठ विषय एकला. आबांना बरं वाटंल."

"माझं नाव घालू नका. ते वाक्यच काढा."

"बरं, बरं," तात्याबा म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं म्हणत. दारात डब्यांचा टेम्पो आला, दिशाला लोकांनी बाजूला सारलं आणि ती मंडपात जाऊन आबांच्या खुर्चीवर बसली.

अकरा वाजता तात्याबा माइकवर आले. त्यांनी कागद धरला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"संस्थेचे ज्येष्ठ सभासद कैलासवासी दिशा साबळे यांचे अकरा मार्च रोजी वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. एसटी महामंडळात त्यांनी तेहतीस वर्षे प्रामाणिकपणे सेवा केली. त्यांच्या पश्चात सून आणि नात दिशा साबळे असा परिवार आहे. सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे."

तात्याबांना 'सगळीकडं बदला' अजून पाठ होतं.

सगळे उठले. दिशाही उठली, कारण बसून राहणं बरं दिसलं नसतं. शेजारच्या झुंबरकाकांनी टोपी काढून मान खाली घातली. तिच्या मरणाबद्दल साडेतीनशे माणसं उभी होती आणि त्यांतल्या एकालाही काही खटकलं नव्हतं. तात्याबा ज्या सुरात वाचत, तो सूरच असा होता, की शब्द ऐकायचे नसतात. दोन मिनिटं सव्वा मिनिटात संपली.

"श्रद्धांजलीचा ठराव," विजयसिंह म्हणाले.

"नामंजूर," दिशा म्हणाली.

मग मागून कुणीतरी हुंदका दिल्यासारखं हसलं, आणि सगळा मंडप हसला. यंदा विषय एकच्या आधीच! झुंबरकाकांनी डोळे पुसले. "रक्त बोलतंय गं," म्हणाले.

"मी मेलेली नाही," दिशा म्हणाली. "मी इथं आहे. आबा गेलेत. कागद बघा एकदा."

"शोभते आबांची नात!" विजयसिंहांचा आवाज खरोखर भरून आला होता. "परंपरा राखलीस, ताई. नोंद घ्या."

"घेतलेलीच हाय," तात्याबा म्हणाले.

तिला वाटलं, आता निदान कुणीतरी म्हणेल, बघू कागद. तेवढंही कुणी म्हणालं नाही. "मंजूर! मंजूर!" मंडप ओरडला, एकमतानं, आणि तिचं निधन कायम झालं.

बाहेर पडताना दारात डबे वाटत होते. वाटणाऱ्या माणसानं यादीवर बोट फिरवलं आणि थांबला. यादी त्याच फाइलीतली होती, तिच्या नावापुढं 'मयत' असा शिक्का होता.

"ह्यांचा डबा कोण घेनार?"

"मीच."

"तुमी कोण त्यांच्या?"

मागं रांग वाढत होती. ऊन तापलं होतं, लोक "आवरा, आवरा" म्हणत होते. त्या माणसानं पेन पुढं केलं आणि कुठं सही करायची, ती जागा बोटानं दाखवली. दिशानं स्वतःची वारस म्हणून सही केली आणि डबा घेतला.